सोनाट्याचा दुसरा भाग

आमच्या गावात सत्कार केल्याशिवाय काही म्हणजे काही होत नाही. बोअरला पाणी लागलं, सत्कार. साहेबांची बदली झाली, सत्कार. बदली रद्द झाली, तरी सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा आणि मोमेंटो नावाची ती काचेची वस्तू, जी पुढे टीव्हीच्या कपाटात धूळ खात उभी राहते. आजवर मी याला कधी नावं ठेवली नाहीत. मीही पुष्कळ शाली घेतल्यात आणि त्या कामवालीला, भावजयीला, भावजयीच्या आईला देऊन संपवल्यात. पण मागच्या हिवाळ्यातल्या एका सत्काराने माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. शांत झाल्यावर लिहू म्हणून थांबले असते तर हे लिहून झालंच नसतं.

मी देऊळगाव राजाची. माहेर भाजीपाला करणारं. शिकायला नागपूरला होते, तिथे होस्टेलच्या हॉलमध्ये एक पियानो होता आणि तो शिकवणाऱ्या एक कडक बाई होत्या. त्यांनी मला धरलं ते सोडलंच नाही. पुढे नागपुरातच शाळेत संगीत शिकवलं आणि निवृत्त होऊन गावी परत आले, तेव्हा एक जुना उभा पियानो बरोबर आणला. भाऊ टोमॅटो घेऊन नागपूरला आला होता, परतीला टेम्पो रिकामाच होता. गल्लीत तो उतरवताना शेजारच्या काकूंनी विचारलं, कपाट आणलं का बाई. म्हटलं, हो, वाजतं कपाट आणलंय.

हे कपाट वाजतं तेव्हा आमच्या गल्लीतले लोक दार लावून घेतात. एकच माणूस फाटकाशी थांबला. हातात मेथीची जुडी, डोक्याला मफलर, ताठ उभा. मी खिडकीतून विचारलं, कोण पाहिजे. तर म्हणाले, "कोनी नाई बाई. तुम्ही डाव्या हाताचं जे वाजवून राह्यल्या ना, ते जरा घाईत होऊन राह्यलं." माझ्या तोंडावर असं या गावात आजवर कोणी बोललं नव्हतं. मला राग आला आणि मी त्यांना आत बोलावलं.

ते मूळचे सोनाळा गावचे. आयुष्यभर फौजेच्या बँडमध्ये बासरी वाजवली. आपली बांबूची नव्हे, ती धातूची, चाव्यांची, आडवी धरायची. सुभेदार होऊन घरी आले आणि लेक इथे दिलेली म्हणून नवरा-बायको देऊळगावला येऊन राहिले. त्यांच्याजवळ एका सोनाट्याची नोटेशनं होती, कडा कुरतडलेली, पण पूर्ण. बासरी आणि पियानो, दोघांसाठी लिहिलेलं, कुठल्याशा जर्मन दरबारातल्या माणसाचं. बराकीत त्यांनी त्यातला बासरीचा भाग एकट्याने वाजवला होता. पियानोवालं माणूस त्यांना कधी भेटलंच नव्हतं. आणि मी इथे बसून त्याच सोनाट्यातला पियानोचा भाग वाजवत होते, बासरीवाल्याशिवाय.

आता सोनाटा म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच आहे. आपल्याकडे गाणारा पुढे आणि पेटीवाला मागे. गाणाऱ्याने श्वास घेतला की तेवढी जागा पेटीवाल्याने भरायची. सोनाट्यात पियानो साथीला नसतो. दोघांनाही आपापलं बोलणं असतं. कधी मी बोलते आणि बासरी थांबते, कधी बासरी बोलते आणि मी खालून हुंकार देते. आणि त्याचे तीन भाग असतात. पहिला चपळ, दुसरा संथ, तिसरा पुन्हा चपळ. दोन भागांच्या मध्ये वाजवणारे थांबतात, पान उलटतात, ओठ पुसतात. तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याने काहीही करायचं नसतं. नुसतं बसायचं असतं. आमच्या लोकांना नेमकं तेच जमत नाही.

आम्ही वर्षभर वाजवलं. रविवारी सुभेदार यायचे, चप्पल काढायचे, बासरीचे तुकडे जोडायचे, एक लांब सूर लावायचे आणि सुरुवात. किती भांडलो म्हणून सांगू. ते म्हणायचे मी पुढे पळते, मी म्हणायचे तुम्ही मागे रेंगाळता. "बाई, फौजेत मागं राह्यला तं लाथ बसे," असं म्हणून ते खो खो हसायचे. संथ भागावर मात्र ते हसत नसत. एकदा मी विचारलं, यात असं काय आहे. तर बासरी मांडीवर ठेवून म्हणाले, "तिकडं बर्फात बोटं गरम राहावी मनून हे वाजवत जावो. वाजवलं की सोनाळ्याचं आंगण दिसे, हिनं सारवलेलं. हिले कधी आयकवलं नाई. सुट्टीत घरी आलो तं बाप बसलेला राहे ओसरीत, त्याच्यासमोर कायची बासरी." त्यांच्या बायकोने त्यांची बासरी अशी ऐकलीच नव्हती. सकाळी घरात लावलेले लांब सूर तेवढे ऐकले होते आणि त्यावर ती म्हणायची, कुकर झाला का पाहा बरं.

मग पावसाळा सरता सरता सुभेदारांच्या हिरड्यांनी दगा दिला. जालन्याच्या दातांच्या डॉक्टरने सांगितलं, वरचे पुढचे दात काढावे लागतील, कवळी बसवू. माणसाला कवळीने भाकरी खाता येते. पण बासरीला वरचा ओठ दातांवर टेकून ताठ राहावा लागतो, दात गेले की फुंक फाकते. कवळीवर पुन्हा शिकायला वर्षं जातात, आणि त्यांचं वय झालं होतं. सुभेदारांनी डॉक्टरला थोडे दिवस थांबवलं आणि मला म्हणाले, "एक डाव लोकात वाजवून घेऊ, बाई. बाकी कोनी आयको न आयको. हिले दुसरा भाग आयकवतो, मंग काढा म्हणतो किती काढाचे ते."

म्हणून मी गावातल्या सांस्कृतिक मंडळाच्या दारात गेले. एरवी मी त्यांच्या वाऱ्याला उभी राहत नाही. त्यांचा वर्धापनदिन होता, मंगल कार्यालय घेतलेलं होतं, अर्धा तास मागितला, मिळाला. माझा पियानो हलवणं शक्य नव्हतं, म्हणून जालन्याहून डिजिटल पियानो आणवला, साउंडवाल्याच्या स्पीकरला जोडून वाजवायचा. निवेदन करणारे एक गुरुजी होते, शेरोशायरीचा नाद असलेले, माईक हातात आला की सोडत नाहीत अशी ख्याती. त्यांना मी बाजूला घेऊन, अक्षरशः हात जोडून सांगितलं. म्हटलं, गुरुजी, तीन भाग आहेत. मध्ये दोनदा आम्ही थांबू. थांबलो म्हणजे संपलं नाही. टाळ्या नको, बोलणं नको. मी उठून उभी राहीन तेव्हा संपलं समजा. ते म्हणाले, "मॅडम, बिलकुल टेन्शन घेऊ नका." असं म्हणणाऱ्या माणसाचा मी त्या दिवसापासून धसका घेतला आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी सुभेदार कडक इस्त्रीत आले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, पहिल्या रांगेत बसल्या. मोरपंखी लुगडं, केसात अबोलीचा गजरा, हातात रुमाल. प्रमुख पाहुणे आले नव्हते. ते यायचे तेव्हा यायचे. गुरुजींनी आमची ओळख करून दिली, त्यात माझ्या पियानोला हार्मोनियमची मोठी बहीण म्हणाले. मी गिळलं.

पहिला भाग चांगला झाला. खरं सांगते, इतका चांगला रविवारी कधी झाला नव्हता. मागे कोणी मोबाइलवर बोलत होतं, खुर्च्या सरकत होत्या, पण सुभेदारांची फुंक सरळ गेली. शेवटचा सूर संपला. त्यांनी बासरी खाली घेतली, रुमालाने ओठ पुसला आणि वहिनींकडे एकदाच पाहिलं. मी पान उलटलं. माझा हात पट्ट्यांवर गेला होता, कारण दुसरा भाग पियानो एकटाच सुरू करतो, बासरी नंतर येते.

आणि माईक कडाडला. "वा वा वा! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

प्रमुख पाहुणे येऊन पोचले होते. त्यांना पुढच्या गावी दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून मंडळी सत्कारासाठी फट शोधत बसली होती आणि आम्ही ती आमच्या हाताने दिली. मी हात हलवून नाही नाही म्हणत होते. गुरुजींना वाटलं मी विनय दाखवते आहे. पाहुण्यांचा सत्कार झाला. मग अध्यक्षांचा, मग कार्यालयाच्या मालकांचा. मी उठून गुरुजींच्या कानाशी गेले, म्हटलं, अहो अजून दोन भाग आहेत. ते माईकवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, वेळेचं बंधन आहे. सुंदर झालं ना, आता कशाला." सुंदर झालं ना, आता कशाला. हे वाक्य मी आजही भांडी घासताना म्हणते आणि भांडी आपटते.

मी परत जाऊन बसले आणि सरळ दुसरा भाग वाजवायला लागले. म्हटलं, बघू कोण थांबवतो. पट्ट्या दाबल्या तर नुसतं टकटक. साउंडवाल्याने भाषणात खरखर नको म्हणून माझी वायर काढून ठेवली होती. मी त्या मुक्या पट्ट्या दाबत बसले आणि समोरच्या बायका माझ्याकडे पाहून कौतुकाने माना डोलवत होत्या.

एवढ्यात गुरुजी म्हणाले की, सीमेवर आयुष्य घालवून आलेल्या आपल्या भूमिपुत्राचा सपत्नीक सत्कार करण्याचा मोह मला आवरत नाही. मोह. मग आवरायचा होता. सुभेदारांना पुढे ओढलं. बासरी एका हातात, दुसऱ्या हातात नारळ, खांद्यावर शाल, डोक्यावर कोणीतरी मागून फेटा गुंडाळतंय. वहिनींना वर आणलं. त्या लाजून लाल झाल्या होत्या. त्यांना आयुष्यात कोणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. आणि मग पाहुण्यांना काय सुचलं, त्यांनी पेढ्याचा बॉक्स वहिनींपुढे धरला. "घाला वहिनी, तुमच्या हाताने. आज तुमचा दिवस आहे." सगळं कार्यालय टाळ्या वाजवायला लागलं. वहिनींनी अख्खा पेढा उचलला आणि नवऱ्याच्या तोंडात घातला. लाजेने असेल, आनंदाने असेल, जरा जोरातच घातला.

मी सुभेदारांच्या बाजूला होते, म्हणून मला दिसलं. त्यांनी डोळे मिटले. वरचा एक दात आधीच हलत होता, तो पेढ्याखाली सरकला. ते फोटोसाठी तसेच उभे राहिले, गाल फुगलेला, फेटा डोळ्यावर आलेला. फोटो निघाला. गुरुजींनी जाहीर केलं की जेवणाची व्यवस्था मागच्या बाजूला केलेली आहे, आणि कार्यालय रिकामं होऊ लागलं.

मी म्हटलं, पाणी प्या, चूळ भरा, लोक गेले तर जाऊ द्या, वहिनींना थांबवते. ते नळाशी गेले, चूळ भरली, चुळेत रक्त आलं. मला म्हणाले, "राहू द्या आता, बाई. दात आडवा झाला." मग इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "एक करा. हिले सांगू नोका. तिले वाटून राह्यलं सगळं झालं. पेढ्यानं राह्यलं म्हटलं तं जिवाले लावून घेईल." मी त्यांना कबूल केलं. आत वहिनी पंगतीत बसल्या होत्या आणि शेजारणीला शालीचा पोत दाखवत होत्या.

मंडळाला मी दुसऱ्या दिवशी फोनवरून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून घेऊन गुरुजी म्हणाले, मॅडम, उलट आम्ही तुमचा कार्यक्रम उंचीवर नेला. मी फोन ठेवला. काही लोकांवर रागावणंही वाया जातं. तरी मी रागावते.

सुभेदारांचे दात त्याच आठवड्यात काढले. मी भेटायला गेले नाही. खोटं बोलायला मला जमत नाही आणि वहिनींसमोर तोंड उघडलं तर ते बाहेर पडणार हे मला माहीत होतं. मग एका रविवारी दोघंच माझ्याकडे आले. कवळी अजून बसायची होती, सुभेदारांचा ओठ आत गेला होता, आठ दिवसांत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. बासरीचा डबा टेबलावर ठेवून म्हणाले, "हे तुमच्यापाशी राहू द्या. घरी डोळ्यासमोर नोको." वहिनींनी तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. त्या चहा करायला माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आल्या.

चहा ठेवला आणि त्या शेंगा सोलता सोलता बोलायला लागल्या. फोटो कसा फ्रेम केला, कुठे लावला, जावई काय म्हणाले. मी नुसतं हं हं करत होते. मग त्यांचे हात थांबले. "एक विचारू का बाई? मले हे म्हणले होते, त्या दिवशी एक तुह्यासाठी वाजवतो. मी वाट पाहून राह्यली होती. ते पहिलं झालं, ते काही माह्यं नव्हतं, ते लय पळापळीचं होतं. मंग सत्कार झाला, मंग जेवाले बसलो. मले वाटलं जेवल्यावर वाजवतीन. नाई वाजवलं." त्यांनी शेंग मोडली. "इसरले असतीन. आयुष्य तिकडं गेलं, सवयच नाई ना. म्या काही म्हटलं नाई. आता तं दातही गेले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गुरुजीवर, त्या पाहुण्यावर, त्या साउंडवाल्यावर, आणि या दोघांवरसुद्धा. एकमेकांना लागू नये म्हणून दोघं आपापल्या जागी गप्प बसलेले, आणि मधल्या मध्ये ही बाई समजत होती की नवरा तिला विसरला. मी गॅस बारीक केला आणि तडक बाहेर गेले. म्हटलं, सुभेदार, तुमचं गप्प बसणं तुमच्यापाशी ठेवा. त्या वाट पाहत होत्या. त्यांना वाटतं तुम्ही विसरलात.

ते खुर्चीतून उठले. "इसरलो?" म्हणाले. दातांशिवाय तो शब्द नीट निघालाही नाही. वहिनी मागोमाग दाराशी येऊन उभ्या होत्या. सुभेदार त्यांच्याकडे वळले. "इसरलो नाई म्या. वाजवू नाई देल्लं."

"काऊन?"

"मधातच सत्कार निंघाला ना. ते पुरं झालंच नव्हतं. तुह्यं पुढं होतं."

पेढ्याचं ते बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. वहिनींनी शेंगांचं ताट बाजूच्या स्टुलावर ठेवलं. "म्हंजे मी तिथं शाल पांघरून हासत उभी, अन तुमचं राह्यलेलं?" त्यांचा आवाज चढला. "आग लागो त्या सत्काराले. कोनी मांगला होता?" इतक्या दिवसांत माझ्या रागाला पहिल्यांदाच सोबत मिळाली. पदराने नाक पुसून त्यांनी विचारलं, "किती मोठं होतं ते?"

"चहा होईस्तोवर," सुभेदार म्हणाले.

"मंग वाजवा आता."

"दात कुठं हायेत?"

"बाईचे हात तं हायेत." असं म्हणून त्या खुर्ची ओढून पियानोच्या बाजूला बसल्या.

मी माझाच भाग वाजवला. बासरीचा घ्यावा असं मला वाटलं नाही. सुरुवात माझी एकटीची आहे, ती झाली. जिथे बासरी येते तिथे मी खालचे सूर धरून ठेवले आणि मागून टपटप ऐकू आलं. सुभेदारांनी बासरी जोडली होती. ओठाला लावलेली, फुंक नाही, नुसती बोटं चालत होती. चाव्यांच्या खालच्या गाद्या भोकांवर पडतात त्यांचा तो आवाज. जिथे थांबायचं तिथे थांबत होता, जिथे लांबवायचं तिथे लांबत होता. मध्ये एक जागा आहे जिथे दोघंही थांबतात, आणि मला त्या जागेची धास्ती होती. वहिनी हलल्या नाहीत. स्वयंपाकघरात चहा उतू जात होता, त्याचा वास आला, तरी त्या हलल्या नाहीत.

शेवटचा सूर मी सोडला. टपटप थांबली. वहिनींनी टाळी वाजवली नाही, वाह म्हटलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. नवऱ्याकडे पाहून विचारलं, "झालं, का अजून हाय?"

एवढंच विचारायचं होतं त्या माईकवाल्याने.

"हाय," सुभेदार म्हणाले. "अजून एक हाय."

"मंग वाजवा ना. मी कुठं चालली."